पदवी प्रवेश, क्रेडिट आणि ग्रेड : मराठवाड्यातले विद्यार्थी-पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की ऑगस्ट संपेपर्यंत माझी बसायची जागा ठरलेली असते. तालुक्याच्या कॉलेजातला मदतकक्ष. समोर विद्यार्थी, शेजारी वडील किंवा मामा, आणि कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेले कागद. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि विचारणाच बदलली. आधी 'किती टक्क्यांना नंबर लागेल' एवढंच विचारायचे, आता 'क्रेडिट कमी पडले तर वर्ष वाया जाईल का' असं विचारतात. लोक ज्या शब्दांत विचारतात, साधारण त्याच शब्दांत हे प्रश्न इथे घेतले आहेत. क्रेडिटचा ढाचा राज्यभर एकच आहे. गुणांची विभागणी, एटीकेटी (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची सवलत), फेरतपासणीचं शुल्क या गोष्टी मात्र विद्यापीठागणिक बदलतात, तिथे आपल्याच विद्यापीठाचं परिपत्रक वाचायचं.

आमचं कॉलेज कोणत्या विद्यापीठात येतं? त्यानं काय फरक पडतो?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. पहिलं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. त्याआधी आपली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. दुसरं १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच सुरू झालं.

फरक पडतो तो असा, की परीक्षा अर्ज, पात्रता, निकाल, पुनर्मूल्यांकन हे सगळं त्या-त्या विद्यापीठाच्या वेळापत्रकानं चालतं. अहमदपूरच्या मुलानं अंबाजोगाईच्या मित्राची तारीख ऐकून थांबू नये. दोघांमध्ये अंतर थोडं असलं तरी विद्यापीठं वेगळी आहेत.

प्रवेशाला किमान काय लागतं?

बारावी उत्तीर्ण. बी.ए. कोणत्याही शाखेच्या बारावीवर होतं, बी.एस्सी.ला विज्ञान शाखा लागते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम हे प्रवेश सीईटीच्या, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेच्या मार्गानं होतात, तिथे कॉलेजच्या खिडकीवर अर्ज देऊन काम होत नाही.

बीबीए आणि बीसीएबद्दल दरवर्षी गोंधळ होतो. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. त्यामुळे काही कॉलेजांनी त्याच प्रकारचं शिक्षण बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या नावाखाली सुरू ठेवलं. ते शिक्षण वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण पदवीवर कोणतं नाव छापून येणार, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. पुढे एमबीए, एमसीएचा अर्ज भरताना ते नाव बघितलं जातं.

कागद कोणते?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, बँक पासबुक, फोटो. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास) आणि मराठा आरक्षणाच्या एसईबीसी प्रवर्गाला नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बलांच्या ईडब्ल्यूएसला त्याचं प्रमाणपत्र. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला.

दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला आता स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर स्वयंसाक्षांकित प्रतिज्ञापत्र चालतं. तरी सेतूच्या रांगेत कुणी स्टॅम्पचे पैसे मागितले तर देऊ नका, तहसीलमध्ये विचारा. मूळ कागद दाखवून परत घ्या. मूळ गुणपत्रिका, दाखले कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) तसं स्पष्ट बजावलं आहे.

आरक्षण किती? कुणबी दाखला निघालाय, मग एसईबीसीत भरू का ओबीसीत?

अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागास वर्ग १९. त्यावर एसईबीसी १० आणि ईडब्ल्यूएस १०. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्यानं शासकीय आणि अनुदानित संस्थांत किमान ५ टक्के जागा आहेत.

निजामकालीन नोंदीवरून कुणबी दाखला निघाला असेल तर तुम्ही ओबीसीत मोडता. एका अर्जात दोन प्रवर्ग सांगता येत नाहीत. दाखला हातात आलेला नसताना 'येईलच' म्हणून ओबीसी लिहू नका. जो कागद आज हातात आहे, त्याच्यावर अर्ज भरा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणीचं प्रकरण अकरावीतच दाखल करा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून ते वेळेत हाती येणं कठीण असतं.

बारावीनंतर दोन वर्षं घरी होतो. आता प्रवेश मिळेल?

मिळेल. गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतलेला नव्हता एवढंच त्यात लिहायचं. लाज वाटायचं काही कारण नाही. शेतीत राबलात, पुण्याला कंपनीत होतात, आजारी वडिलांजवळ बसलात, यातलं काहीही प्रवेशाच्या आड येत नाही.

प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का?

मिळते. यूजीसीचा हिशेब प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेवरून चालतो. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर पूर्ण फी परत येते, त्यातून फार तर ५ टक्के आणि तेही कमाल ५,००० रुपयांपर्यंत कापता येतात. तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५०. त्यानंतर काही नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेल्या तारखेला पुरावा नसतो.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय? मार्कच का नाही म्हणत?

मार्क सांगतात तुम्ही किती चांगलं केलं. क्रेडिट सांगतं तुम्ही किती शिकलात, म्हणजे किती तासांचं काम पूर्ण केलं. एका सत्रात १५ तास वर्गात शिकवलं की थिअरीचं १ क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच १ क्रेडिटसाठी ३० तास लागतात. म्हणून ४ क्रेडिटचा थिअरीचा विषय म्हणजे ६० तास.

वडीलधाऱ्यांना मी मस्टरचं उदाहरण देतो. रोजगार हमीवर जितके दिवस भरले तितके मस्टरवर चढतात. काम उत्तम झालं की साधारण, ते मोजमाप वेगळं. क्रेडिट हे मस्टर आहे आणि ग्रेड हे मोजमाप. पास झाल्याशिवाय दिवस भरत नाहीत, एवढाच काय तो फरक.

एका सत्राला किमान २० आणि कमाल २२ क्रेडिट असतात. वर्षाचे ४० ते ४४, तीन वर्षांचे १२० ते १३२, चार वर्षांचे १६० ते १७६. या क्रेडिटांत मेजर म्हणजे मुख्य विषय असतो, मायनर असतो, दुसऱ्या शाखेचा ओपन इलेक्टिव्ह असतो, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, एनएसएस-क्रीडा-सांस्कृतिक असे सहअभ्यासक्रम, पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग येतं.

मेजर-मायनर कसं निवडावं?

वेळापत्रक बघून निवडू नका. पहिल्या वर्षी मुलं 'सकाळी दहाच्या एसटीनं घरी जाता येतं' म्हणून विषय घेतात, हे मी पाहतो आणि मला फार वाईट वाटतं. गावाकडं शेवटची गाडी लवकर असते, ते मला कळतं. पण मेजर तीन वर्षं सोबत राहतो आणि एम.ए., एम.एस्सी.ला कोणत्या विषयात जाता येईल हे त्याच्यावरच ठरतं. बी.ए., बी.एस्सी.ला अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यातला मेजर ठरवायचा असतो. ते पहिलं वर्ष चाचपणीसाठीच दिलेलं आहे, तसंच वापरा.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचा घ्यावा लागतो. इतिहासाच्या मुलीनं हिशेबाचं पुस्तक उघडलं, तर उद्या बचत गटाचे हिशेब ती स्वतः तपासेल.

आई-बाप ऊसतोडीला जातात, मलाही जावं लागेल. मध्येच सुटलं तर केलेलं सगळं वाया?

बीड, धाराशिव, परभणीकडून हा प्रश्न येतो, आणि नव्या रचनेचा खरा उपयोग याच मुलांना आहे असं मला मनापासून वाटतं. जुन्या पद्धतीत दोन वर्षं शिकून सोडलं तर हातात 'बारावी पास' एवढंच राहायचं.

आता पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण केले आणि थांबायचं ठरवलं, तर पदवीपूर्व प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांचे ८० ते ८८ झाले तर पदविका. दोन्हींसाठी जास्तीचे ४ क्रेडिट करावे लागतात. ते कौशल्याधारित अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे असतात आणि साधारण उन्हाळी सुट्टीत पूर्ण करायचे असतात. हे ४ क्रेडिट बरेच जण विसरतात. वर्ष पास झालं म्हणजे प्रमाणपत्र आपोआप मिळतं असं समजून निघून जातात. जाण्याआधी एक्झिटचा अर्ज द्यायचा आणि हे ४ क्रेडिट कधी, कुठे होणार ते विभागप्रमुखांना विचारायचं.

परत यायचं असेल तर बाहेर पडल्यापासून ३ वर्षांच्या आत, आणि एकूण पदवी ७ वर्षांच्या आत पूर्ण झाली पाहिजे.

एक्झिटची सोय आहे म्हणून सोडून द्या, असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि पहिल्या सत्राची परीक्षाही त्याच्याच आगेमागे येते. शक्य असेल तर घरच्यांना पुढे पाठवा, परीक्षा देऊन मग जा. वसतिगृहासाठी समाजकल्याण कार्यालयात जूनमध्येच अर्ज करा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे.

एबीसी आयडी, अपार आयडी हे काय आहे? नाही काढला तर चालेल?

चालणार नाही. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे क्रेडिटचं बँक खातं. त्याचे नियम यूजीसीनं २०२१ मध्ये आणले. डिजिलॉकरवर आधारनं लॉगिन करून १२ अंकी क्रमांक मिळतो, त्यालाच आता अपार आयडी म्हणतात. तुमचे क्रेडिट विद्यापीठ त्यात जमा करतं आणि ते जास्तीत जास्त ७ वर्षं ग्राह्य राहतात. कॉलेज बदललं, मध्ये खंड पडला, परत आलात, तर पुढचं कॉलेज हेच खातं उघडून बघणार.

गेल्या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला होता. पहिलं वर्ष पास, गुणपत्रिका हातात, पण खात्यात शून्य. कारण काय, तर आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आणि त्यात वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. नोंद जुळलीच नाही. आधार दुरुस्त करायला, परत जोडायला आणि विद्यापीठाकडून क्रेडिट चढवून घ्यायला त्याला चार महिने लागले. तेवढ्यात तो ज्या कामासाठी प्रमाणपत्र मागत होता ते काम हातचं गेलं. तेव्हापासून मी प्रवेश अर्जासोबतच आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघतो. तुम्ही घरीच ताडा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. आणि प्रत्येक सत्राच्या निकालानंतर खात्यात क्रेडिट आले का ते स्वतः उघडून बघा.

ग्रेड कशी काढतात? एसजीपीए, सीजीपीए समजावून सांगा.

यूजीसीच्या दहा अंकी पद्धतीत ओ ला १० गुणांक, ए प्लस ला ९, ए ला ८, बी प्लस ला ७, बी ला ६, सी ला ५, पी ला ४. नापास आणि गैरहजर, दोन्हींना ०. किती मार्कांना कोणती ग्रेड, ते विद्यापीठ ठरवतं आणि गुणपत्रिकेच्या मागे छापतं.

आता हिशेब. समजा एका मुलीचे पहिल्या सत्रात २२ क्रेडिट आहेत. मेजरचा पहिला पेपर ४ क्रेडिटचा, ग्रेड ए, म्हणजे ४ गुणिले ८ बरोबर ३२. मेजरचा दुसरा पेपर २ क्रेडिटचा, बी प्लस, १४. ओपन इलेक्टिव्हचे दोन पेपर मिळून ४ क्रेडिट, दोन्हींत ए प्लस, ३६. व्यवसाय कौशल्य २ क्रेडिट, बी, १२. कौशल्य विकास २, ए, १६. भाषा २, सी, १०. मूल्यशिक्षण २, बी प्लस, १४. ज्ञान प्रणाली २, ओ, २०. सहअभ्यासक्रम २, ए प्लस, १८. बेरीज १७२. भागिले २२. एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची क्रेडिटनुसार सरासरी, ७.८२.

यात बघण्यासारखी गोष्ट अशी. समजा तिनं ४ क्रेडिटच्या मेजरमध्ये दुर्लक्ष केलं आणि ए ऐवजी पी मिळाली, तर एसजीपीए ७.०९ वर येतो. तेवढीच घसरण २ क्रेडिटच्या कौशल्य विकासात झाली असती तर तो ७.४५ राहिला असता. अभ्यासाचा वेळ वाटताना क्रेडिटकडे बघा. सीजीपीए म्हणजे सगळ्या सत्रांचा असाच, क्रेडिटचं वजन धरून काढलेला आकडा. सहा एसजीपीएंची नुसती बेरीज करून सहानं भागू नका. क्रेडिट सगळीकडे सारखे नसतील तर उत्तर चुकतं.

सीजीपीएचे टक्के कसे करायचे? भरतीच्या अर्जात टक्के मागतात.

आपल्या विद्यापीठानं दिलेल्या सूत्रानंच. दहानं गुणायचं हे सगळीकडे चालत नाही. नोकरीच्या अर्जात आकडा आणि कागद जुळले नाहीत तर कागद तपासणीच्या वेळी अडचण होते. विद्यापीठाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र मागून ठेवा.

विषय राहिला तर?

त्या विषयाचे क्रेडिट मिळत नाहीत, बाकीचे पास विषय सुरक्षित राहतात. राहिलेला पेपर पुन्हा द्यायचा. जास्तीत जास्त किती विषय राहिले असताना पुढच्या वर्षात जाता येतं, ते विद्यापीठाच्या एटीकेटी नियमावर आहे. अंतर्गत गुण आणि लेखी परीक्षा यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हेही सुरुवातीलाच विचारून घ्या.

निकाल अनपेक्षित वाटला तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती शिकवणाऱ्या सरांना दाखवा. त्यांना वाटलं तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. मुदत निकालापासून थोड्याच दिवसांची असते.

पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करतोय. कॉलेजला आलं नाही तर चालेल ना?

७५ टक्के हजेरीचा नियम आहे, आणि महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीलाही हजेरी बघतात. पूर्वी परीक्षेपुरतं येऊन पदवी निघायची. आता प्रत्येक पेपरात अंतर्गत मूल्यमापन आहे, चाचण्या, प्रकल्प, सादरीकरण आहे. अभ्यासिकेत बारा तास बसणाऱ्या मुलांची मेहनत मी रोज बघतो. त्यांना एवढंच सांगतो, की एमपीएससीच्या अर्जात पदवी मागतात, तेव्हा ती राहू देऊ नका. नोकरी करत शिकणं भागच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग मोकळा आहे. त्याची विभागीय केंद्रं संभाजीनगर आणि नांदेडला आहेत.

स्वयमवरचे ऑनलाइन कोर्स धरतात का?

धरतात. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयममधून घेता येतात. कोर्स सुरू करण्याआधी कॉलेजची मान्यता घ्या. आधी कोर्स आणि नंतर विचारणा केली तर क्रेडिट अडकतात. परीक्षाही केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग कुठे करायचं? आमच्या गावात कंपनी नाही.

कंपनीच लागते असं कुठे आहे? वसमतच्या हळदीच्या बाजारात आठ दिवस बसा, लातूरची डाळ मिल बघा, जालन्यात बियाणे कंपन्या आणि पोलाद कारखाने आहेत, पैठणला पैठणीचे माग आहेत. अर्थशास्त्राच्या मुलानं आपल्याच गावातल्या सोयाबीनचा खर्च आणि भाव लिहून काढला तरी तो उत्तम फील्ड प्रोजेक्ट होतो. नेटवरून उतरवलेल्या चाळीस पानांपेक्षा अशी बारा पानं मला हवी असतात. ऑन जॉब ट्रेनिंग तिसऱ्या वर्षात ४ क्रेडिटचं असतं. जिथे काम केलं तिथलं पत्र आणि रोजची नोंदवही सांभाळा.

चौथं वर्ष करावं का?

सरकारी भरतीला तीन वर्षांची पदवी पुरते. संशोधनाकडे जायचं असेल तर चौथं वर्ष करा. 'ऑनर्स विथ रिसर्च'साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षांनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होतं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएच.डी.साठीही थेट पात्र ठरता, राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. पण तुमच्या कॉलेजात तुमच्या विषयाचं चौथं वर्ष आहे का, हे आधी बघा. तालुक्याच्या ठिकाणी ते बऱ्याचदा नसतं.

माझं लग्न ठरलंय. सासर जालन्यात, मी नांदेडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पुढचं वर्ष तिकडे करता येईल का?

येईल, पण विद्यापीठ बदलतंय. जुन्या कॉलेजची ना-हरकत आणि टीसी, विद्यापीठाचं मायग्रेशन, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि शिकलेल्या पेपरांचा अभ्यासक्रम एवढं गोळा करा. नवं कॉलेज तुमचे क्रेडिट खात्यातून बघेल आणि विषय जुळतात का ते तपासेल. जे जुळणार नाहीत ते पेपर तिथे जास्तीचे द्यावे लागतील. म्हणून मेजर तोच असलेलं कॉलेज शोधा, आणि लग्नाची तारीख धरताना सत्राची परीक्षा होऊ द्या, असं घरी आताच सांगा. घरचे ऐकत नसतील तर वडिलांना घेऊन मदतकक्षात या, मी बोलतो. आणि पदवी हातात येईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. लग्नाआधीच्या नावावरच परीक्षा अर्ज भरत राहा, नाहीतर खात्यातले क्रेडिट एका नावावर आणि पुढचे दुसऱ्या नावावर पडतील.